रेस्टिक सतत 'रेपॉझिटरी लॉक्ड' म्हणतंय? अनलॉक मारण्याआधी हे वाचा

सकाळी मेल उघडला की क्रॉनचा (ठरल्या वेळी कमांड चालवणारा लिनक्समधला प्रोग्राम) निरोप, 'अनेबल टू क्रिएट लॉक इन बॅकएंड, रेपॉझिटरी इज ऑलरेडी लॉक्ड बाय पीआयडी अमुक ऑन तमुक', म्हणजे रेपॉझिटरी (बॅकअप साठतो ती जागा, थोडक्यात रेपो) अमुक पीआयडीच्या (प्रोसेसचा नंबर) प्रोसेसने आधीच अडवून ठेवलीय आणि रात्रीचा बॅकअप बोंबलला. हाताने चालवलं की मुकाट चालतं, पुढच्या काही रात्री सुरळीत जातात, मग परत तेच. रेस्टिक हे बॅकअपचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या छोट्या ऑफिसांमधून ही तक्रार इतक्यांदा ऐकलीय की फोनवर कोणी 'अरे तो लॉकचा...' एवढं म्हटलं तरी पुढचं वाक्य मला पाठ असतं. म्हणून एकदाच लिहून टाकतो, पुढच्या वेळी लिंक पाठवीन.

सेटअप साधारण असा धरून चाला. तीन-चार लिनक्स सर्व्हर, एक अंधेरी एमआयडीसीतल्या ऑफिसात, बाकीचे क्लाउडवर, सगळ्यांचा बॅकअप एकाच रेपोत आणि रेपो एस-थ्री बकेटमध्ये (क्लाउडवरचं स्टोरेज), अॅमेझॉनच्या मुंबई रीजनला (२०१६ पासून आहे हे रीजन, तरी काही लोकांचे बकेट अजून सिंगापूरला का असतात देव जाणे). प्रत्येक सर्व्हरवर तीच स्क्रिप्ट कॉपी-पेस्ट केलेली, रात्री दोनला क्रॉन, आणि स्क्रिप्टमध्ये आधी बॅकअप, मग फरगेट (जुने स्नॅपशॉट, म्हणजे त्या त्या वेळच्या बॅकअपच्या नोंदी, काढणं), त्याच ओळीत शेवटी --प्रून (त्यामुळे निकामी झालेला डेटा उडवणं). फ्लॅग इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजीतच टाका, नाहीतर मला शिव्या घालाल.

यावर जो तो पहिला उपाय करतो तो म्हणजे स्क्रिप्टच्या डोक्यावर 'रेस्टिक अनलॉक'. साधं अनलॉक फक्त शिळे झालेले लॉक काढतं, जिवंत लॉकला हात लावत नाही, त्यामुळे एरर काही जात नाही, माणूस वैतागतो, आणि कुठेतरी वाचून त्याच्यापुढे --रिमूव्ह-ऑल लावतो. एरर गायब! सगळे खूश, तिकीट क्लोज. खरी वाट इथून लागते.

काय होतं ते नीट बघा. रात्री दोन वीसला ऑफिसच्या फाइल सर्व्हरचं प्रून चालू आहे. त्याने आख्खा रेपो चाळून यादी केलीय की हे हे तुकडे आता कुठल्याच स्नॅपशॉटला लागत नाहीत, हे उडवायचे. तेवढ्यात वेब सर्व्हरची स्क्रिप्ट येते, --रिमूव्ह-ऑल मारून प्रूनचा लॉक उडवते आणि बॅकअप सुरू करते. रेस्टिकचा बॅकअप आधी इंडेक्स (रेपोतल्या तुकड्यांची सूची) वाचतो, आणि जो तुकडा रेपोत आधीच आहे तो परत अपलोड करत नाही, नुसती नोंद करतो, डीडुप्लिकेशन म्हणतात ते हेच. आता वेब सर्व्हरवर कोणीतरी जुनी पीडीएफ परत आणून ठेवली असेल तर तिचे तुकडे रेपोत सापडतात, बॅकअप म्हणतो आहे की, कशाला परत चढवू. पण तेच तुकडे प्रूनच्या उडवायच्या यादीत आहेत. प्रून ते उडवतं. इकडे स्नॅपशॉट सेव्ह होतो, एक्झिट कोड शून्य (म्हणजे कमांड यशस्वी), मेलमध्ये सगळं हिरवं. ती पीडीएफ मात्र बॅकअपमध्ये नाहीये, आणि हे कळणार रीस्टोर करायला घ्याल तेव्हा, म्हणजे नेमकं नको त्या दिवशी.

लॉक असतात ते यासाठी. सोसायटीच्या टाकीसारखं आहे बघा, एरवी सगळ्या मजल्यांनी एकदम नळ सोडले तरी चालतं, पण टाकी सफाईच्या दिवशी नोटीस लागते आणि तेवढा वेळ कोणीच पाणी घ्यायचं नाही. बॅकअप हा साधा लॉक घेतो, असे कितीही एकत्र चालतात, चार सर्व्हर एकाच वेळी एकाच रेपोत बॅकअप घेताहेत यात काहीच चूक नाही. प्रून, फरगेट आणि चेक (रेपो तपासणं) हे तिघे एक्सक्लुझिव्ह लॉक घेतात, म्हणजे दुसरा कुठलाही लॉक असेल तर हे चालू होत नाहीत आणि हे चालू असताना दुसरं काही चालत नाही. फरगेट नुसतं, प्रूनशिवाय असलं तरी एक्सक्लुझिव्ह, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आता वरची स्क्रिप्ट परत बघा. चार सर्व्हर, चौघांच्या शेपटीला फरगेट आणि प्रून, चौघेही दोनच्या आसपास. भांडण होणारच, कधी कोण आधी पोचतो त्यावर ठरतं आज कोणाचा बॅकअप मरणार, म्हणून तर एरर 'अधूनमधून' येतो असं वाटतं.

जिवंत लॉक दर ५ मिनिटांनी ताजा केला जातो. ३० मिनिटं ताजा झाला नाही तर रेस्टिक त्याला शिळा मानतं. त्याच मशिनवरचा लॉक असेल आणि तो प्रोसेस मेलेला असेल तर अर्धा तास थांबायची गरज नाही, लगेच शिळा. पण शिळा मानतं म्हणजे आपणहून काढतं असं नाही! कोणीतरी अनलॉक चालवेपर्यंत तो तिथेच पडून राहतो. याचा परिणाम गमतीशीर आहे. बॅकअप चालू असताना मशीन मेलं तर मागे साधा लॉक राहतो, त्याने पुढचे बॅकअप अडत नाहीत, रोज छान होतात, फक्त फरगेट-प्रून कायमचं बंद पडतं आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही, येतं ते थेट बकेटचं बिल फुगल्यावर. याउलट प्रून चालू असताना मशीन मेलं तर सगळ्यांचंच सगळं बंद, हे निदान लगेच कळतं तरी.

तर पुढच्या वेळी एरर आला की आधी बघा कोणाचा लॉक आहे. 'रेस्टिक लिस्ट लॉक्स' दिलं की आयडींची यादी येते, मग त्यातला एकेक आयडी घेऊन 'रेस्टिक कॅट लॉक', याला --नो-लॉक जोडा नाहीतर बघायला गेलेला माणूसच आणखी एक लॉक लावून ठेवील. बाहेर येतं ते छोटंसं जेसन असतं, त्यात वेळ, एक्सक्लुझिव्ह आहे की नाही, होस्टनेम, युजर आणि पीआयडी. त्या होस्टवर जाऊन तो पीआयडी जिवंत आहे का ते 'पीएस'ने बघा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि एवढं केलं की अर्ध्या वेळेला गुन्हेगार समोरच उभा असतो.

गुन्हेगार कोण कोण सापडतात ते सांगतो.

सगळ्यात जास्त वेळा वर सांगितलेलंच, प्रत्येक मशिनच्या स्क्रिप्टमध्ये प्रून. त्याचं पुढे बघू.

दुसरा, घड्याळ. क्लाउडचे सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ) असतात आणि ऑफिसचा आपल्या वेळेवर. दोघांच्या क्रॉनमध्ये 'दोन' लिहिलंय, पण क्लाउडवरचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसात. एका ठिकाणी बॅकअप रात्री दोनला, तासाभरात उरकतात म्हणून प्रून सकाळी सातला ठेवलं होतं, पाच तासांचं अंतर, कागदावर एकदम सेफ. प्रत्यक्षात प्रून सातला सुरू, साडेसातला क्लाउडवाल्यांचे बॅकअप येऊन त्याच्यावर आपटणार, रोज नाही, ज्या दिवशी प्रूनला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला त्याच दिवशी. याचं उत्तर सोपं आहे, सिस्टमडी टायमरच्या (क्रॉनला लिनक्समधला पर्याय) ऑन-कॅलेंडर ओळीत वेळेपुढे 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं, मग मशीन कुठल्याही झोनमध्ये असो. घड्याळाचं आणखी एक. लॉक शिळा आहे का हे त्यातल्या वेळेवरून ठरतं, म्हणजे ज्या मशिनवर अनलॉक चालतंय तिचं घड्याळ अर्ध्या तासाहून जास्त पुढे असेल तर तिला दुसऱ्याचा जिवंत लॉकही शिळा वाटेल आणि साधं अनलॉकसुद्धा तो काढून टाकेल. क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालू आहे ना, वेळ सिंक होतेय ना, ते 'टाइमडेटसीटीएल'ने बघून घ्या. तसंही सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत एनआयसी किंवा एनपीएलच्या टाइम सर्व्हरशी घड्याळं जुळवायला सांगितलेलंच आहे.

तिसरा, वीज. डेटा सेंटरात बसलेल्यांना हे हास्यास्पद वाटेल, पण ऑफिसात कोपऱ्यात ठेवलेल्या सर्व्हरचा हा नंबर एकचा आजार आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रिड बसून अख्खी मुंबई अंधारात गेली होती तसं रोज होत नाही, रोज होतं ते वेगळंच. एका ऑफिसात दर शनिवारी लॉक अडकायचा, फक्त शनिवारी. लॉकमधली वेळ बघितली तर रात्री नऊच्या आसपासची, म्हणजे शनिवारचा जो मोठा बॅकअप संध्याकाळी लवकर लावलेला होता तो मधेच मरत होता. वॉचमन काकांना विचारलं, रात्री लाइट जाते का हो?

"जात नाही साहेब, मी पाडतो ना मेन. शनिवारी कुलूप लावताना सगळं बंद करायचं, शेटनी सांगितलंय, मागे शॉर्ट सर्किट झालेलं."

"काका, त्या कोपऱ्यातल्या मशिनचा स्विच सोडून बाकी पाडा ना."

"मेन एकच आहे साहेब."

एकच आहे म्हटल्यावर पुढे काय बोलणार. इलेक्ट्रिशियन बोलावून सर्व्हरला वेगळी लाइन घेतली, लॉक बंद झाले. रेस्टिकला बिचाऱ्याला यातलं काहीच कळण्यासारखं नव्हतं.

चौथा, मेमरी. रेपो मोठा झाला की प्रूनला रॅम लागते, छोट्या व्हीएमवर ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) येऊन प्रोसेसला किल-नाइन करतो आणि लॉक तसाच मागे. 'डीमेसेज'मध्ये दिसतं. जीओजीसी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल २० वर ठेवला तर मेमरी थोडी कमी खातं, थोडं हळू चालतं. नाहीतर प्रून मोठ्या मशिनवर हलवा.

पाचवा, डॉकर (प्रोग्राम वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं सॉफ्टवेअर). कंटेनर दरवेळी नवा, होस्टनेम दरवेळी नवं, त्यामुळे मागच्या कंटेनरचा लॉक 'आपल्याच मशिनचा' आहे हे ओळखू येत नाही आणि अर्धा तास वाट बघावी लागते. याहून मोठा झोल म्हणजे फरगेट हे होस्ट आणि पाथ यांच्यावरून स्नॅपशॉटचे गट करतं, दर स्नॅपशॉटचं होस्ट वेगळं म्हणजे दर गटात एकच स्नॅपशॉट, आणि 'शेवटचे सात ठेव' म्हटलं की प्रत्येक गटातला एकुलता एक ठेवला जातो, म्हणजे काहीच जात नाही. बॅकअपला --होस्ट देऊन नाव फिक्स करा, गटांचा प्रश्न सुटतो, लॉकमध्ये मात्र कंटेनरचंच होस्टनेम जातं.

आणि सहावा, जो शोधताना डोकं बाद होतं. 'रेस्टिक माउंट', म्हणजे रेपो फोल्डरसारखा उघडून बघणं. कोणीतरी जुनी फाइल शोधायला रेपो माउंट करतो, फाइल मिळते, आणि टीमक्सची (टर्मिनल मागे चालू ठेवणारा प्रोग्राम) विंडो तशीच सोडून साहेब सहा चोपन्नची लोकल पकडायला पळतात. माउंट असेपर्यंत लॉक जिवंत, दर पाच मिनिटांनी ताजा, अनलॉक केलं तरी जाणार नाही कारण तो शिळा नाहीच. बॅकअप चालू, प्रून बंद. कॅट लॉकमध्ये होस्टनेमच्या जागी एखाद्या लॅपटॉपचं नाव दिसलं की समजून जा. बघण्यापुरतं माउंट करायचं असेल तर --नो-लॉक लावून करा, पण प्रूनच्या वेळेत नको.

आता उपाय. पहिला आणि मुख्य, फरगेट, प्रून आणि चेक हे तिन्ही सगळ्या सर्व्हरांच्या स्क्रिप्टमधून काढा आणि एकाच मशिनवर ठेवा. ते मशीन आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे म्हणा, आधी साधं अनलॉक, मग फरगेट --प्रून, मग चेक, अशा क्रमाने चालवील. साधं अनलॉक इथे बरोबर आहे, शिळे लॉक झाडायचं काम कोणीतरी केलंच पाहिजे, फक्त ते एकाच ठिकाणी आणि घड्याळ बरोबर असलेल्या मशिनवर व्हावं. प्रून फार लांबत असेल तर --मॅक्स-रिपॅक-साइज देऊन एका वेळचं काम मर्यादित करता येतं, उरलेलं पुढच्या रविवारी. बाकीच्या सर्व्हरांच्या आयएएम पॉलिसीतून (बकेटवर कोणी काय करायचं याचे नियम) डिलीटची परवानगी काढून टाका, फक्त 'लॉक्स' फोल्डरवर ठेवा, कारण स्वतःचा लॉक काढायला ती लागतेच. मग कोणी जुनी स्क्रिप्ट परत कॉपी केली तरी तिचं फरगेट परवानगीवरच अडेल. --रिमूव्ह-ऑल मात्र याने थांबत नाही हे लक्षात ठेवा, ते लॉक्स फोल्डरमध्येच काम करतं.

दुसरा, बॅकअपच्या कमांडला --रिट्राय-लॉक लावा आणि दोन तासांची मुदत द्या. प्रून चालू असेल तर बॅकअप मरण्याऐवजी थांबून राहतो. हा फ्लॅग ०.१६ पासून आहे, म्हणजे जुलै २०२३. डेबियन १२ च्या रेपॉझिटरीतून एपीटीने घेतलेलं रेस्टिक ०.१४ आहे, उबुंटू २२.०४ चं ०.१२.१, तिथे 'अननोन फ्लॅग' येईल, तेव्हा प्रोजेक्टच्या रिलीज पेजवरून बायनरी घ्या आणि सगळ्या मशिनवर एकच व्हर्जन ठेवा. ०.१२ वाल्याला नव्या फॉर्मॅटचा, कॉम्प्रेशनवाला रेपो वाचताच येत नाही.

तिसरा, फ्लॉक, म्हणजे एकाच मशिनवर स्क्रिप्टच्या दोन प्रती एकदम चालू न देणारी लिनक्सची कमांड. इथे लोक विचारतात रेस्टिकचा लॉक आहे ना, मग हा कशाला. कारण दोन बॅकअप एकत्र चाललेले रेस्टिकला चालतात, एकाच मशिनचे असले तरी! ऑफिसच्या ब्रॉडबँडला २० एमबीपीएस अपलोड मिळतो असं धरा, पहिला बॅकअप २०० जीबीचा, गणित करा, जवळजवळ २२ तास, तेही लाइन सगळी आपल्यालाच मिळाली तर, आणि ती मिळत नाहीच. दुसऱ्या रात्री दोनला क्रॉन परत येतं, दुसरा बॅकअप सुरू, दोघे मिळून तीच लाइन वाटून घेतात, मग तिसरा. त्यासाठी स्क्रिप्ट 'फ्लॉक -एन'मधून चालवा, आधीचं चालू असेल तर नवीन गपचूप परत जाईल. कॅपिटल -ई देऊन त्याचा एक्झिट कोड वेगळा ठेवा, ७५ वगैरे, नाहीतर तो १ देतो आणि रेस्टिकच्या खऱ्या फेल्युअरचाही १ असतो. आणि स्क्रिप्टच्या आत काही बॅकग्राउंडला टाकत असाल तर जपून, तो प्रोसेस फ्लॉकची फाइल उघडी धरून बसतो आणि स्क्रिप्ट संपली तरी लॉक सुटत नाही. फ्लॉक एका मशिनपुरताच, दोन मशिनमध्ये त्याचा उपयोग नाही.

सिस्टमडी टायमर वापरत असाल तर फ्लॉकची गरज बरीचशी संपते, सर्व्हिस चालू असताना टायमर परत वाजला तर दुसरी प्रत सुरू होत नाही. शिवाय परसिस्टंट=ट्रू असलं की मशीन बंद असताना हुकलेली वेळ चालू झाल्यावर भरून काढतो, साधं क्रॉन ती सोडून देतं. वर सांगितलेल्या शनिवारच्या ऑफिससाठी हे एकच कारण पुरेसं होतं. डेटाबेस डंप पाइपने देत असाल तर ०.१७ पासूनचं --एसटीडीइन-फ्रॉम-कमांड वापरा, डंप मधेच फेल झाला तर स्नॅपशॉट बनतच नाही, अर्धवट फाइलचा बॅकअप 'यशस्वी' होत नाही.

एक्झिट कोड वाचा. ३ म्हणजे स्नॅपशॉट बनला पण काही फाइली वाचता आल्या नाहीत. ०.१७ पासून लॉक न मिळाल्याचा वेगळा कोड आहे, ११. त्यामुळे अलर्टमध्ये '११ आला' आणि 'बाकी काही आलं' हे वेगळं करा, ११ ला उजाडेपर्यंत थांबता येतं, १ ला नाही. आणि फेल झालं की मेल, एवढ्यावर भिस्त ठेवू नका, मशीनच बंद असेल तर मेल कोण पाठवणार. यशस्वी झालं की पिंग, आणि पिंग आला नाही की बोंब, असं उलटं लावा.

ज्यांच्या स्क्रिप्टमध्ये --रिमूव्ह-ऑल आधीच महिनोन्महिने बसलेलं आहे त्यांच्यासाठी क्रम सांगतो. ती ओळ सगळीकडून काढा, सगळे टायमर थांबवा, जमलं तर बकेटची कॉपी करून ठेवा, मग 'चेक' चालवा. नुसतं चेक रचना तपासतं, प्रत्यक्ष डेटा वाचत नाही, त्यासाठी --रीड-डेटा-सबसेट आहे, दर आठवड्याला सातवा हिस्सा वाचत गेलात तरी बिल झेपतं. काही तुकडे नाहीत असं निघालं तर आधी 'रिपेअर इंडेक्स', मग सगळ्या सर्व्हरांचा बॅकअप एकदा --फोर्स लावून, कारण मूळ फाइल अजून मशिनवर असेल तर हरवलेला तुकडा परत चढतो आणि जुने स्नॅपशॉटही आपोआप बरे होतात. त्यानंतर परत चेक. त्यातूनही जे तुटलेलेच राहतील त्यांच्यासाठी 'रिपेअर स्नॅपशॉट्स --फरगेट', पण ते अगदी शेवटी, कारण ते न सापडणाऱ्या फाइली किंवा त्यांचे भाग वगळून स्नॅपशॉट नव्याने लिहितं आणि जुना काढून टाकतं.